जुनी हवेची होडी: तपासणी, डागडुजी, जुळणी आणि आउटबोर्डची निवड

अडीच ते साडेतीन मीटर लांबीची, घडी घालून गाडीच्या डिकीत मावणारी हवेची होडी जुनी घ्यायची ठरली की सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक एकच: इंजिन आधी घेतलं जातं. कुठेतरी १५ हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लटकवायचं इंजिन, चांगल्या अवस्थेत मिळतं, हातचं जाऊ नये म्हणून ते उचललं जातं आणि मग त्याला साजेशी होडी शोधत फिरावं लागतं. क्रम नेमका उलटा ठेवा. आधी होडी, मग तिची डागडुजी, मग आत बसणारी माणसं आणि सामान, आणि या सगळ्याचं वजन कागदावर मांडून झाल्यावर इंजिन. हवेच्या होडीत शेवटी सगळं वजनावर येऊन ठेपतं. पाण्यात ती कशी चालेल हेही, आणि गाडीपासून पाण्यापर्यंत ती तुम्हाला नेता येईल का हेही.

होडी बघायला जाताना

चार वस्तू सोबत न्या: स्प्रेच्या बाटलीत भांडी घासायच्या साबणाचं पाणी, गेज असलेला स्वतःचा पंप, मोजपट्टी आणि बोथट स्क्रू ड्रायव्हर. होडी फुगवून ठेवायला निदान चार तास मागून घ्या, रात्रभर मिळाली तर उत्तम. अर्ध्या तासात उरकायची घाई करणाऱ्याची होडी सोडून दिलेली बरी.

पहिली नजर मागच्या फळीवर, म्हणजे ट्रान्समवर टाका. इंजिन याच फळीला लटकतं. तिच्या आतल्या बाजूला सहसा बनवणाऱ्या कंपनीची पाटी असते. जास्तीत जास्त किती हॉर्सपॉवर किंवा किलोवॅट (१ किलोवॅट म्हणजे सुमारे १.३५ हॉर्सपॉवर), किती माणसं, एकूण किती भार आणि हवेचा दाब किती, हे सगळं त्या पाटीवर लिहिलेलं असतं. तिचा फोटो काढून ठेवा, पुढचे सगळे निर्णय या आकड्यांवर होणार आहेत. युरोपात विकल्या जाणाऱ्या होड्यांवर अ, ब, क, ड असे वर्ग रोमन अक्षरांत असतात. लहान होड्या बहुतेक शेवटच्या दोन वर्गांतल्या. चौथा, म्हणजे ड वर्ग फक्त आडोशाच्या पाण्यासाठी आहे: लाटा साधारण ०.३ मीटरपर्यंत आणि वारा ब्यूफोर्ट मापाने ४ पर्यंत. होडी कितीही दणकट दिसली तरी या वर्गाची होडी घेऊन उघड्या समुद्रात जायचं नसतं.

ट्रान्समच्या बाहेरच्या बाजूला, उजवीकडे वर, होडीचा ओळख क्रमांक शोधा. तो १२ अक्षरांचा असतो, देशाचा संकेत धरला तर १४. शेवटचे दोन आकडे मॉडेलचं वर्ष सांगतात. क्रमांक खरवडलेला असेल किंवा कागदपत्रांशी जुळत नसेल तर व्यवहार तिथेच थांबवा.

आता कापड. हवेच्या होड्या मुख्यतः दोन प्रकारच्या कापडाच्या असतात: पीव्हीसी आणि हायपलॉन. हायपलॉन हे ड्युपाँ कंपनीचं व्यापारी नाव. ती कंपनी ते रबर आता बनवत नाही, दुसरे बनवतात, पण नाव तेच चिकटून राहिलं आहे. हायपलॉन उन्हाला जास्त टिकतं आणि महागही असतं. ओळखायचं कसं? व्हॉल्व्ह उघडून कापडाची आतली बाजू बघा. पीव्हीसी आतून-बाहेरून सारखंच चकचकीत दिसतं. हायपलॉनची आतली बाजू वेगळी, निस्तेज, करडी किंवा काळी दिसते. हे आत्ताच नक्की करून घ्या, कारण दोघांचे गोंद वेगळे आहेत आणि चुकीच्या गोंदाने लावलेलं ठिगळ पहिल्याच उन्हात सुटतं.

पीव्हीसीवरून तळहात फिरवा. हाताला चिकट लागलं तर कापडाला मऊ ठेवणारे घटक बाहेर येऊ लागले आहेत. साबणाने धुतल्यावर काही दिवस बरं वाटेल, पण त्या कापडाचं वय झालं आहे. हायपलॉनवर खडूसारखी भुकटी हाताला लागत असेल तर एवढं घाबरायचं कारण नाही, ती बहुतेक वरवरची असते. मग प्रत्येक सांध्याच्या कडेला नख लावून बघा. कड जागोजागी उचलली जात असेल तर ती होडी कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका. एक छिद्र बुजवता येतं. मीटरभर सांधा पुन्हा चिकटवणं हे नवख्याचं काम नाही.

हवेची परीक्षा

बहुतेक होड्यांच्या नळीचा दाब ०.२० ते ०.२५ बार असतो. फुगवायच्या तळाचा, म्हणजे आत हजारो धाग्यांनी वरची आणि खालची बाजू बांधलेल्या सपाट तळाचा दाब ०.७ ते ०.८ बार. हाताने दाबून हा दाब कळत नाही. नवखा माणूस नळी हमखास कमी फुगवतो आणि मग होडी लाटेवर मधोमध वाकते, म्हणून गेज हवाच.

सगळे कप्पे आधी अर्धे-अर्धे फुगवा आणि मग क्रमाने पूर्ण करा. एकच कप्पा गच्च भरला आणि शेजारचा रिकामा राहिला तर मधल्या पडद्यावर सगळा ताण येतो. तपासणीत मात्र हाच पडदा पारखायचा असतो, तोही हलक्या हाताने: एक कप्पा मध्यम फुगवून शेजारच्याचा व्हॉल्व्ह बंद ठेवा आणि तासाभराने बघा. शेजारचा आपोआप फुगू लागला असेल तर पडदा गळतो आहे. तो आतून दुरुस्त करावा लागतो. अशी होडी सोडून द्या.

साबणाचं पाणी मारायच्या जागा ठरलेल्या आहेत: व्हॉल्व्हच्या भोवती आणि टोपी उघडून त्याच्या तोंडावर, ट्रान्सम जिथे नळीला मिळतो ते कोपरे, वल्ह्यांच्या खुंट्यांखालचं कापड आणि तळाचा पुढचा भाग, जो वाळूवर ओढला जातो. व्हॉल्व्हपाशी बुडबुडे आले तर आनंदाने घ्या. वाळूचा कण अडकलेला असतो किंवा रबरी चकती म्हातारी झालेली असते. विशिष्ट पान्ह्याने व्हॉल्व्ह घट्ट केला किंवा बदलला की काम झालं.

चार तासांनी दाब उतरलेला दिसला तर आधी हवामानाकडे बघा. ०.२५ बार दाखवणाऱ्या नळीतला खरा दाब बाहेरच्या हवेसकट सुमारे १.२५ बार असतो. दुपारी ३५ अंशांना भरलेली नळी संध्याकाळी २० अंशांवर आली की गेज ०.१९ च्या आसपास दाखवतो, गळती अजिबात नसताना. उलट, २० अंशांना ०.२५ भरून होडी उन्हात ठेवली आणि आतली हवा ५० अंशांवर गेली तर दाब ०.३७ च्या पुढे जाऊ पाहतो. नळी थोडी ताणली जाते म्हणून आकडा जरा कमी भरेल, पण सांधे उघडायला तेवढं पुरतं. फुगवलेली होडी काठावर उन्हात ठेवणार असाल तर हवा थोडी सोडून ठेवा. पाण्यात उतरवल्यावर दहा मिनिटांनी पुन्हा दाब मोजा आणि कमी भरेल तेवढी हवा भरा. थंड पाण्याने नळी हमखास सैल पडते.

ट्रान्समची फळी

ही प्लायची असते आणि ती आतून कुजते. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने सगळीकडे ठोकत जा. निकोप फळी टक् टक् वाजते, कुजकी ढप् वाजते. जुन्या स्क्रूच्या भोकांपाशी, पाणी सोडायच्या बुचापाशी आणि इंजिनाच्या क्लॅम्पने पडलेल्या खड्ड्यांत टोक हळूच टोचून बघा. टोक लाकडात रुतलं, आतून काळपट ओला भुसा आला, तर फळी गेली. फळी बदलायची म्हणजे नळीला चिकटलेले दोन्ही पट्टे सोडवून पुन्हा चिकटवायचे, आणि होडीतला सगळ्यात मोठा ताण नेमका याच सांध्यावर येतो. पहिल्या होडीवर हा उद्योग करू नका.

कुजलेलं काही नाही, नुसती जुनी भोकं आहेत, तर काम सोपं आहे. ६ मिलिमीटरचं भोक १२ मिलिमीटरचं करा, फळी कोरड्या हवेत दोन-चार दिवस पूर्ण वाळू द्या, मग भुकटी घालून घट्ट केलेलं इपॉक्सी भरा. ते कडक झालं की त्यातच हवं तेवढं नवं भोक पाडा. आता स्क्रूच्या कडेने पाणी शिरलं तरी ते लाकडापर्यंत पोचणार नाही. नटबोल्टखाली भरायला होड्यांसाठी मिळणारं पॉलियुरेथेन सीलंट वापरा. न्हाणीघरातलं सिलिकॉन नको. ते पुढे सुटतं आणि त्याचा थर राहिलेल्या जागी दुसरं काहीही चिकटत नाही. याच कारणाने चकाकी आणणारे सिलिकॉनचे स्प्रे होडीच्या जवळही आणू नका.

ठिगळ लावणं

ठिगळ सुटण्याची कारणं तीन: चुकीचा गोंद, दमट हवा आणि घाई.

पीव्हीसीला दोन भागांचा पॉलियुरेथेन गोंद लागतो, हायपलॉनला दोन भागांचा निओप्रिन गोंद. दुसरा भाग म्हणजे हार्डनर. तो वजनाने थोडाच, बऱ्याच गोंदांत ४-५ टक्के असतो, पण नेमकं प्रमाण डब्यावरचंच धरा आणि तोळ्यामाशाच्या काट्यावर तोलून घ्या. एका नळीत मिळणारा, हार्डनर नसलेला गोंद पाण्यात खेळायच्या फुग्यांना ठीक आहे. ट्रान्समच्या आसपास तो उन्हात मऊ पडतो.

हवा कोरडी हवी, आर्द्रता ६० टक्क्यांच्या आसपास किंवा खाली, तापमान २० ते २५ अंश. गोंदातला द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि दमट हवेतलं बाष्प गोंदावर नकळत जमतं. वरून सगळं कोरडं दिसतं, पण दोन थरांमध्ये पाण्याचा पडदा बसलेला असतो. पावसाळी दिवशी लावलेली ठिगळं म्हणूनच टिकत नाहीत.

होडीची हवा पूर्ण काढून ती जागा सपाट फळीवर पसरा. ठिगळ छिद्राच्या चहूबाजूंनी ५ सेंटिमीटर जास्त असावं आणि त्याचे कोपरे गोल कापलेले असावेत, कारण टोकदार कोपरा सगळ्यात आधी उचलला जातो. पेन्सिलीने बाह्यरेषा काढा, तिच्या बाहेर चिकटपट्टी लावा. हायपलॉन असेल तर दोन्ही बाजू १०० ते १२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून चकाकी घालवा, धागे दिसू देऊ नका. पीव्हीसी घासू नका, द्रावकाने पुसा. पांढरं स्वच्छ फडकं द्रावकात भिजवून एकाच दिशेने पुसत जा आणि दर वेळी फडक्याची नवी बाजू घ्या. पुसल्यावर तिथे बोटही लावू नका. हे सगळं उघड्या हवेत, हातमोजे घालून आणि आगीपासून लांब करा.

पहिला थर पातळ लावा, ठिगळावरही आणि होडीवरही. २० ते ३० मिनिटं वाळू द्या. दुसरा थर लावा आणि पाच-दहा मिनिटांनी बोटाची मागची बाजू हलकेच टेकवून बघा. चिकटायला हवं, पण गोंदाचा धागा निघता कामा नये. धागा निघतो तोवर थांबा. ती वेळ आली की ठिगळ मधून टेकवत कडांकडे बसवा. एकदा टेकलं की उचलता येत नाही, म्हणून बाह्यरेषेवर नजर ठेवा. मग चमच्याच्या पाठीने मधून बाहेर जोर देऊन घासत जा, आतली हवा कडेला ढकलली जाताना बोटाखाली जाणवते. वर सपाट वजन ठेवून २४ तास सोडा. पूर्ण दाबाने फुगवायला निदान ७२ तास जाऊ द्या. डब्यावर आठवडा लिहिला असेल तर आठवडाभर थांबा.

काही सेंटिमीटर लांबीची फाट असेल, किंवा छिद्र सांध्यावरच असेल, तर आतून आणि बाहेरून अशी दोन ठिगळं लागतात. ते काम माहीतगाराकडे द्या.

तळ बसवणं

स्वस्त होड्यांना पट्ट्यांचा तळ असतो. घडी घालायला सोपा, पण वेगाने चालवायला निकामी. फुगवायचा तळ हलका असतो, एकट्याने ने-आण करणाऱ्याला हाच घ्यायला सांगावासा वाटतो. प्लाय किंवा ॲल्युमिनियमच्या तुकड्यांचा तळ जड, जुळवायला त्रासाचा, पण उभं राहायला आणि वेगाने चालवायला सगळ्यात खणखणीत.

तुकड्यांचा तळ बसवताना नवखे लोक रडकुंडीला येतात ते क्रम चुकल्यामुळे. नळ्या नुसत्या आकार येण्याइतक्या फुगवा. पुढचा तुकडा नाळेत, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकात, पूर्ण आत सारा, मागचा ट्रान्समला टेकवा. मधले दोन तुकडे एकमेकांच्या खाचेत अडकवून घराच्या छपरासारखे उभे राहतील असे ठेवा आणि त्या टोकावर पाय देऊन खाली दाबा. बोटं खाचेत ठेवू नका, चांगलीच चिरडतात. नंतर कडेच्या लांब पट्ट्या. होडीच्या त्या बाजूखाली आडवं वल्हं सरकवलं की तळाची कड उचलली जाते आणि पट्टी सहज चढते. पट्ट्या बसल्यावर नळ्या पूर्ण फुगवा आणि सगळ्यात शेवटी तळाखालची कण्याची नळी. ती आधी भरली तर फळ्या कधीच सपाट बसणार नाहीत. जुन्या होडीत तळ आणि नळीच्या बेचक्यात वाळू साचलेली असते, ती जुळणीआधी धुऊन काढा. तोच कण कापडाला पॉलिश पेपरसारखा खातो.

होडीत काय हवं

दोन वल्ही, इंजिन असलं तरीही. पंप आणि ठिगळाचं सामान. प्रत्येकाला मापाचं लाइफ जॅकेट, मुलांना मुलांच्या मापाचं. पाणी उपसायला दोरीने बांधलेलं भांडं. शिट्टी. अंधार पडण्याची शक्यता असेल तर दिवा: आंतरराष्ट्रीय नियमांनुसार ७ मीटरपेक्षा लहान आणि ७ नॉटपेक्षा (ताशी सुमारे १३ किलोमीटरपेक्षा) जास्त वेग नसलेल्या इंजिनाच्या होडीला चहूबाजूंनी दिसणारा एक पांढरा दिवा चालतो, शक्य असेल तर बाजूचे लाल-हिरवे दिवेही लावावेत. वेग त्याहून जास्त असेल तर बाजूचे दिवे सक्तीचे.

नांगर दीड ते अडीच किलोचा, घडीचा. त्याची टोकं नळीला लागू नयेत म्हणून जाड पिशवीत ठेवा. नांगराला २ मीटर साखळी आणि पुढे ८ मिलिमीटरचा २५-३० मीटर दोर जोडा. पाण्याच्या खोलीच्या निदान पाचपट दोर सोडायचा असतो. त्याहून कमी सोडला तर नांगर आडवा राहत नाही, वर ओढला जातो आणि सुटतो. नाळेला बांधायचा दोर मात्र तरंगणारा घ्या आणि तो इंजिनाच्या पंख्यापर्यंत, म्हणजे प्रॉपेलरपर्यंत, पोचणार नाही एवढाच लांब ठेवा. पंख्यात गुंडाळला गेलेला स्वतःचाच दोर हे लहान होड्यांचं नेहमीचं दुखणं आहे.

आता इंजिन: आधी बेरीज

समजा होडी ३५ किलो, इंजिन २६, दोन माणसं १५०, पेट्रोल-नांगर-पाणी-सामान ३०. बेरीज २४१ किलो. लहान हवेची होडी पाणी कापणं सोडून पाण्यावर घसरत पळायला ढोबळमानाने दर २५ किलोमागे १ हॉर्सपॉवर मागते. २४१ भागिले २५, म्हणजे जवळपास १०. त्यामुळे ६ च्या इंजिनावर दोन माणसं घेतली तर होडी उचलणार नाही, म्हणजे अशी घसरत पळणार नाही. नाळ वर, शेपूट खाली आणि मागे मोठी लाट, एवढंच होईल. एकटा माणूस असेल तर बेरीज १६६, भागिले २५ म्हणजे ६.६. सपाट पाण्यावर, पेट्रोलची टाकी पुढे ठेवली तर ६ चं इंजिन कदाचित उचलून घेईल.

होडी उचलत नसेल तर तिचा वेग तिच्या लांबीने बांधलेला असतो. पाण्यातल्या लांबीचं मीटरमधलं वर्गमूळ घ्या, त्याला ४.५ ने गुणा, ताशी किलोमीटर मिळतील. २.४ मीटरला हे उत्तर सुमारे ७ येतं. तेवढ्या वेगाला शांत पाण्यात अडीच-साडेतीन हॉर्सपॉवर पुरतात. त्यापुढे पेट्रोल वाढतं, वेग फारसा वाढत नाही.

म्हणून निवड तीन तऱ्हांची होते. काठाजवळ मासेमारी, नांगरलेल्या मोठ्या बोटीपर्यंत ये-जा, एकट्याने उचलायचं आहे: २.५ ते ३.५ हॉर्सपॉवर, वजन १३ ते १९ किलो. समोरून वारा किंवा भरती-ओहोटीची ओढ असलेलं पाणी: ४ ते ६ हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक, २४ ते २८ किलो. काही कंपन्यांची ४, ५ आणि ६ ची इंजिनं एकाच ब्लॉकवर बनतात आणि वजनही सारखंच असतं. अशा वेळी पाटी परवानगी देत असेल तर ६ चंच घ्या. दोन माणसांनी वेगाने जायचं आहे: ९.९ किंवा १५. पण ही फोर-स्ट्रोक इंजिनं ४० ते ५० किलोंच्या घरात जातात, ती एकट्याने लावणं-काढणं विसरा, आणि तीन मीटरच्या आतल्या बऱ्याच होड्यांची पाटी एवढ्याला परवानगीच देत नाही. पाटीवरचा आकडा ओलांडू नका. मागे जड आणि पुढे रिकामी अशी होडी समोरच्या वाऱ्यात नाळ वर उचलली जाऊन मागे उलटी पडते.

टू-स्ट्रोक हलकं आणि साधं, पण दीडपट पेट्रोल पितं, धूर सोडतं आणि बऱ्याच तलावांवर त्याला बंदी आहे. त्यात ऑइल पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं: ५० ला १ म्हणजे लिटरला २० मिलिलिटर. खूप जुन्यांना २५ ला १. ऑइल मोटारसायकलचं नको, आउटबोर्डसाठीचं टीसी-डब्ल्यू ३ दर्जाचं घ्या. विजेचं १ किलोवॅटचं आउटबोर्ड शांत आणि सुंदर चालतं, पण ९०० वॅट-तासांची बॅटरी पूर्ण वेगाने तासभरही पुरत नाही. अर्ध्या वेगाने ती कित्येक पट पुरते. लहान तलावासाठी आम्ही तेच सुचवू, ओढीच्या पाण्यासाठी नाही.

शाफ्टची लांबी

ट्रान्समच्या वरच्या कडेपासून तळापर्यंत सरळ उभं माप घ्या. ३८ सेंटिमीटरच्या आसपास असेल तर शॉर्ट शाफ्ट, ५१ च्या आसपास असेल तर लाँग. बहुतेक लहान हवेच्या होड्या शॉर्टच्या असतात. पंख्याच्या वर जी आडवी पाटी असते ती होडीच्या तळाच्या रेषेत किंवा दोन-अडीच सेंटिमीटर खाली यायला हवी. ती वर राहिली तर पंखा हवा ओढतो, इंजिन किंचाळतं आणि होडी जागची हलत नाही. फार खाली गेली तर पाणी उडतं, वेग जातो आणि उथळ पाण्यात पंखा आपटतो.

जुनं आउटबोर्ड तपासताना

इंजिनाला हात लावून बघा, ते थंडच असायला हवं. आधीच तापवून ठेवलं असेल तर थंड असताना ते सुरू होतं की नाही हे कळणार नाही. गिअरच्या तेलाचा खालचा स्क्रू जरासा सैल करून दोन थेंब बोटावर घ्या. स्वच्छ किंवा काळपट चालेल. दुधाळ असेल तर सील गेलं आहे आणि आत पाणी आहे. कातलेला धातूचा चुरा दिसला तर पुढे बोलू नका. पंखा पुढे-मागे हलवून बघा, पात्यांच्या कडा आणि खालचं सुकाणूसारखं पातं बघा. प्लग काढून कॉम्प्रेशन मोजता आलं तर दोन सिलिंडरांतला फरक १०-१५ टक्क्यांच्या आत हवा.

मग पाण्याच्या पिंपात खालचा भाग बुडवून सुरू करा. कोरडं कधीही चालवू नका. आतला पाण्याचा रबरी पंखा, म्हणजे इम्पेलर, काही सेकंदांत जळतो. मागच्या छिद्रातून पाण्याची धार लगेच यायला हवी. येत नसेल तर पातळ तारेने छिद्र साफ करा, तरीही येत नसेल तर इम्पेलर गेला. घेतल्यावर तो तसाही बदलून टाका. जुन्या इंजिनाच्या इम्पेलरचं वय कुणालाच माहीत नसतं. सुरू होऊन मंद गतीला बंद पडणारं इंजिन बहुतेक वेळा कार्बोरेटरमध्ये सुकलेल्या पेट्रोलाचा बळी असतं. ते साफ होतं, त्यामुळे किंमत कमी करून मागा.

बसवणं आणि पहिली फेरी

इंजिन ट्रान्समच्या अगदी मधोमध बसवा, खाली रबरी किंवा प्लास्टिकची पाटी द्या. क्लॅम्प हाताने घट्ट करा आणि १५ मिनिटं चालवल्यावर पुन्हा घट्ट करा, कारण फळी दबते. इंजिन एका दोराने होडीतल्या कडीला स्वतंत्र बांधलेलं असू द्या. क्लॅम्प सुटून इंजिन तळाशी गेल्याची उदाहरणं कमी नाहीत.

टाकी नेहमी काठावर, होडीबाहेर भरा. पेट्रोलच्या नळीवरच्या फुग्यावरचा बाण इंजिनाकडे हवा. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा. तो उघडायला विसरलं की इंजिन पाच-दहा मिनिटांनी काठापासून दूर बंद पडतं. इंजिन बंद करणारी लाल दोरी मनगटाला किंवा जॅकेटला अडकवा आणि दर फेरीच्या सुरुवातीला ती ओढून इंजिन खरोखर बंद पडतं का ते बघा. दोरी न लावता पाण्यात पडलात तर होडी गोल फिरत तुमच्याच अंगावर येते, पंख्यासकट.

सुरुवातीला इंजिनाच्या कोनाची पिन मधल्या भोकात ठेवा. वेगात नाळ वर-खाली डुलू लागली तर इंजिन एका भोकाने ट्रान्समच्या जवळ आणा. नाळ पाण्यात घुसत असेल तर एका भोकाने लांब न्या. एकट्याने चालवताना मागे बसण्यापेक्षा हँडलला लांब दांडा लावून मध्यात बसा, याने जेवढा फरक पडतो तेवढा एखाद्या हॉर्सपॉवरनेही पडत नाही. ६ चं फोर-स्ट्रोक पूर्ण वेगाने तासाला दोन-अडीच लिटर पेट्रोल घेतं. त्यातलं एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला आणि उरलेलं हात न लावता ठेवायला. पहिली फेरी वल्ह्यांनी परत येता येईल एवढ्याच अंतरात करा आणि त्या फेरीत खरोखर वल्ही मारून बघा. इंजिन लावलेल्या होडीची नोंदणी, परवाना आणि विमा यांचे नियम जागोजागी वेगळे आहेत, पाण्यात उतरण्याआधी ते स्थानिक कार्यालयात विचारून घ्या.

परत आल्यावर, खाऱ्या पाण्यात गेला असाल तर, पिंपातल्या गोड्या पाण्यात इंजिन पाच-दहा मिनिटं चालवा. शेवटी पेट्रोलचा नळ बंद करून कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपू द्या. इंजिन आपोआप बंद पडेल. फोर-स्ट्रोक आडवं ठेवताना पुस्तिकेत दाखवलेल्याच कुशीवर ठेवा, नाहीतर ऑइल सिलिंडरमध्ये उतरतं, आणि आडवं करण्याआधी ते उभं धरून आतलं पाणी निथळू द्या. इंजिनाला गंजापासून वाचवायला लावलेला जस्ताचा किंवा ॲल्युमिनियमचा झिजायचा तुकडा (ॲनोड) अर्धा संपला की बदला. होडी साध्या साबणाने धुऊन, बेचकीतली वाळू काढून, पूर्ण सुकवून सैल घडी घाला आणि उंदीर पोचणार नाहीत अशा जागी ठेवा. घडी दर वेळी त्याच रेषेवर पडू देऊ नका.